मंत्र्याच्या दौऱ्याआधी भावाला ठाण्यात बसवून ठेवलं, हे कायद्यात बसतं का?

सोयाबीनवाला, परभणी:
राम राम मंडळी. पीकविम्याचं निवेदन द्यायचं ठरलं होतं, तर त्याच दिवशी पहाटे पोलीस घरी आले, भाकर तव्यावरच होती, आन थोरल्या भावाला नेलं ते संध्याकाळी मंत्र्याच्या गाड्या गेल्यावरच सोडलं. कागद नाही, सही नाही, मोबाईल बी काढून घेतला. असं चालतं का?

वकीलभाऊ, लातूर:
नाही चालत. गुन्हा घडायच्या आधीच अटक करायचं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम 151 आता 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम 170 झालंय, पण त्यात बी दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा, गुन्ह्याचा बेत पाहिजे आन दुसऱ्या मार्गानं तो थांबणार नाही असं दिसलं पाहिजे. निवेदन देणं हा कुठला गुन्हा? अटकेचं कारण सांगणं संविधानाच्या कलम 22 मध्येच आहे. 2020 ला सुप्रीम कोर्टानं प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावायला सांगितलंय, फुटेज पुसायच्या आत लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

जुना माणूस, नांदेड:
आणीबाणीत आमच्या गल्लीतल्या मास्तरला मिसाखाली, म्हणजे खटल्याविना डांबायच्या कायद्याखाली, नेलं होतं. अशा डांबलेल्यांच्या खटल्यात 1976 ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींपैकी एकटे खन्ना म्हणाले की कोर्टात दाद मागता येते. आता "बसवून ठेवलं" म्हणतात, लोक बी त्याला अटक समजत नाहीत, खरा घोळ तिथंच आहे बाबा.

सोयाबीनवाला, परभणी:
भाऊ म्हणतो वाद नको, पण माय दिवसभर जेवली नाही हो. उद्याच अर्ज देतो.