पिकअपचं पासिंग पहिल्यांदाच स्वतः करतोय, गाडी नापास झाली. मदत हवी आहे

कापूसगाडी:

नमस्कार मंडळी,

पैनगंगेच्या काठचं आमचं गाव. घरी सहा एकर कोरडवाहू वावर, त्यात पऱ्हाटी (कापूस) आणि तूर, आणि जोडीला २०१६ ची एक पिकअप. खरं सांगायचं तर घर चालतं ते या गाडीवर. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत गावातल्या कास्तकारांचा कापूस जिनिंगला पोचवायचा, एरवी भाजीपाला, ढेप, खताच्या बॅगा. गाडी बाबांच्या नावावर आहे. पासिंगचं, म्हणजे आरटीओकडच्या फिटनेस तपासणीचं, आजवर तेच बघायचे, म्हणजे एका एजंटाकडे गाडी आणि कागद सोडून यायचे आणि संध्याकाळी घेऊन यायचे. यंदा गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे ते घरी आहेत. एजंटाने सांगितलेला आकडा ऐकला आणि मी ठरवलं की या वर्षी आपणच करू.

फिटनेस १४ ऑक्टोबरला संपतं. पोळा झाल्या झाल्या कामाला लागलो. पहिलं अडलं ते ओटीपीपाशी. गाडीला जोडलेला मोबाइल नंबर बाबांचा जुना, ते सिम दोन वर्षांपासून बंद. नंबर बदलून घेण्यातच चार-पाच दिवस गेले. ज्यांच्या गाड्या घरच्या मोठ्यांच्या नावावर आहेत त्यांनी हे आजच पाहून घ्या. मग फी भरली आणि तारीख मिळाली गेल्या मंगळवारची. जिल्ह्याचं ठिकाण आमच्याहून सत्तर किलोमीटर. तालुक्याला कॅम्प लागतो, पण आमच्याकडे तिथे लायसनचीच कामं होतात.

पहाटे साडेचारला निघालो. विमा, पीयूसी, टॅक्स, आरसी सगळं फाइलला लावलेलं, नवी एचएसआरपी नंबरपाटीही बसवलेली, आदल्या दिवशी गाडी धुतलेली. मला वाटलं होतं दुपारपर्यंत मोकळे होऊ. आरटीओच्या साहेबांनी चेसिस नंबर ताडून पाहिला, लाइट, वायपर, हॉर्न, इंडिकेटर पाहिले आणि गाडी ट्रॅकवर घ्यायला लावली. तिथे ब्रेक दाबला तर गाडी डावीकडे ओढली. उतरून पाहिलं तर मागे रस्त्यावर एकाच चाकाचा माग उठला होता, डाव्या. उजवं चाक नुसतं फिरत आलं होतं. मग जरा चढावर उभी करून हँडब्रेक ओढायला सांगितला, आणि गाडी मागे सरकायला लागली. साहेब रागावले नाहीत. म्हणाले, "भरल्या गाडीनं घाट उतरतोस ना? हे आधी कर, मग ये."

बाकी जे लिहून दिलं ते असं. डाव्या हेडलाइटचा उजेड समोरच्याच्या डोळ्यावर जातो. रिफ्लेक्टर टेपचं प्रमाणपत्र नाही, टेप मी आठवडी बाजारातून घेऊन घरीच लावली होती. स्पीड गव्हर्नरचं (गाडीचा वेग मर्यादेत ठेवणारं यंत्र) सील तुटलेलं, त्याचं प्रमाणपत्र जुनं, आणि त्यावर लिहिलेल्या दुकानाचा फोन लागत नाही. आणि शेवटचं म्हणजे डाल्यावर, म्हणजे मागच्या माल भरायच्या भागावर, वेल्डिंगने चढवलेला पिंजरा काढायचा. हा पिंजरा अडीच फुटांचा आहे, अँगल आणि जाळीचा. आमच्या भागात कापूस वाहणाऱ्या बहुतेक पिकअपला असतो. कापूस वजनाला हलका पण पसाऱ्याला मोठा, पिंजऱ्याशिवाय एका खेपेत निम्मासुद्धा माल बसत नाही.

आता माझ्या अडचणी. पिंजरा खरंच कापावा लागेल का, की काही परवानगी मिळते? स्पीड गव्हर्नरचं काय करू? ब्रेकसाठी नेमकं काय पाहायला सांगू मिस्त्रीला? आणि १४ तारखेपर्यंत जमलं नाही तर गाडी चालवता येईल का? दसऱ्यानंतर सीतादही (वेचणीआधीची वावरातली पूजा) होऊन पहिला वेचा सुरू होतो. तीन घरांना मी खेपेचा शब्द दिला आहे.

चांद्याचा ड्रायव्हर:

भाऊ, शेवटच्या प्रश्नापासून सांगतो, कारण तो सगळ्यात महत्त्वाचा. १४ नंतर फिटनेसशिवाय गाडी रस्त्यावर काढू नकोस, रिकामी असली तरी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५६ सांगतं की व्यवसायाच्या गाडीला चालू फिटनेस नसेल तर तिची नोंदणीच वैध धरत नाहीत. पकडली तर कलम १९२ लागतं, पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत आणि पुन्हा सापडली तर १०,००० पर्यंत. पण दंडाचं सोड. त्या दिवसांत अपघात झाला तर विमा कंपनी हेच कारण पुढे करते, आणि मग भरपाईचं ओझं वावरावर येतं. माझ्या ओळखीच्या एका घरावर ही पाळी आलेली पाहिली आहे. तीन घरांना आजच सांगून ठेव की गाडी मागेपुढे होईल. माणसं समजून घेतात.

गाडी आठ वर्षांच्या वर गेली म्हणून तुला आता दरवर्षी यावं लागेल. आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांचं मिळतं, पुढे एकेकच.

तालुक्याला पासिंग का नाही, तर उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ब्रेकची चाचणी २५० मीटरच्या ट्रॅकवरच घ्यायची असं ठरलं. लांब जावं लागतं, पेट्रोल-डिझेल जळतं, हे खरं. पण कार्यालयाच्या आवारात गाडी चार हात पुढे-मागे करून तुझं उजवं चाक कुणाला दिसलं नसतं.

स्पीड गव्हर्नर: १ ऑक्टोबर २०१५ पासून बनलेल्या मालगाड्यांना ८० च्या वेगमर्यादेचा गव्हर्नर कंपनीने किंवा शोरूमनेच बसवून द्यायचा असा नियम आहे. तुझी २०१६ ची, म्हणजे त्यातच येते. आधी शोरूमला आरसीची झेरॉक्स घेऊन जा, यंत्र कोणत्या कंपनीचं आहे ते विचार आणि त्या कंपनीचा दुसरा डीलर शोध. कुणीच नसेल तर मान्यताप्राप्त विक्रेत्याकडून नवा बसवावा लागेल. बिल घे, सील डोळ्यांसमोर मारून घे, आणि प्रमाणपत्रावरचा चेसिस नंबर तिथेच वाचून पाहा. एक आकडा चुकला तरी परत सत्तर किलोमीटर.

गॅरेजमधला:

मी ब्रेकबद्दल बोलतो, माझं रोजचं काम आहे. मागचं उजवं चाक खोलायला सांग आणि स्वतः शेजारी बसून बघ. ड्रम निघाला की आत ओल दिसेल असं मला वाटतं. ती ओल बोटावर घेऊन बघ. पातळ, पाण्यासारखी असेल तर ते ब्रेक ऑइल, म्हणजे व्हील सिलेंडरचं रबर गेलं. जाड, काळपट आणि उग्र वासाचं असेल तर ते हाउसिंगचं ऑइल, म्हणजे एक्सलचं सील गेलं. दोन्हींचा खर्च वेगळा आणि काम वेगळं. मिस्त्रीने न बघता सिलेंडर बदलला आणि दोष सीलचा असला तर महिन्याभरात शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे) पुन्हा भिजतील.

एक विचारतो, गेल्या वर्षात ब्रेक ऑइल वरून टाकावं लागत होतं का?

कापूसगाडी:

हो. बाबा महिन्या-दीड महिन्याला बाटलीतून थोडं टाकायचे. गाडी जुनी झाली की लागतंच, असं आम्ही धरून चाललो होतो.

काल चाक खोललं. तुम्ही म्हणालात तसंच निघालं. ड्रम सहज येत नव्हता, मिस्त्रीने कडेने हातोडीने टिचकून टिचकून सोडवला. आत दोन्ही शू ओले, त्यांच्या लायनरवर (घासणाऱ्या थरावर) काळा चिखल साचलेला आणि सिलेंडरच्या रबरी टोपीखालून थेंब येत होता. बोटावर घेतलं तर पातळ. हँडब्रेकची केबल उजव्या बाजूला गंजून नळीतच अडकली होती, ओढली तरी हालत नव्हती. मी तिथे बराच वेळ बसून राहिलो. मागच्या जानेवारीत याच गाडीत कापूस भरून रात्रीचा घाट उतरलो होतो, शेजारी लहान भाऊ बसला होता.

मिस्त्री म्हणतो शू पेट्रोलने धुऊन, पॉलिश पेपर मारून चालतील. चालतील का?

गॅरेजमधला:

नाही. लायनरने ऑइल पिलं की ते धुऊन जात नाही, गरम झालं की पुन्हा वर येतं. शू नवे टाक, आणि दोन्ही चाकांना टाक. एका बाजूला नवे आणि एका बाजूला जुने ठेवले तर गाडी पुन्हा एका अंगाला ओढेल. डाव्या सिलेंडरचीही टोपी उचलून बघ, वय दोघांचं सारखंच आहे. ड्रमला आतून धार आली असेल तर खराद्याकडे (लेथवाल्याकडे) नेऊन घासून घे. हँडब्रेकची केबल नवीनच टाक, तेल सोडून मोकळी केलेली केबल पावसाळ्यात परत धरते. सगळं झाल्यावर चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढायची, आणि तीस-चाळीस किलोमीटर चालवून पुन्हा एकदा ॲडजस्ट करायचं. नवे शू बसायला थोडा वेळ घेतात, म्हणून ट्रॅकवर जायच्या आदल्या दिवशी हे काम ठेवू नकोस.

हेडलाइटचं घरी करता येतं. संध्याकाळी सपाट जागी, भिंतीपासून पंचवीस-तीस फुटांवर गाडी उभी कर. टायरची हवा बरोबर असू दे. दिव्याच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर खडूने रेघ मार, डिपर लाव. उजेडाची वरची कड त्या रेघेच्या खाली राहिली पाहिजे आणि दोन्हीकडे सारखी. वर जात असेल तर दिव्यामागचा स्क्रू फिरव. दिवा बसवायची प्लास्टिकची कडी तुटली असेल तर स्क्रूने काही होत नाही, ती आधी बघ.

टायरही बघून घे. खाचेत मधूनमधून रबराची छोटी गाठ असते. रबर झिजून त्या गाठीला लागलं की टायर बाद, खाच १.६ मिमीच्या खाली गेली असं समज.

वर्धा रोड:

पिंजऱ्याचं एवढं मनावर नका घेऊ दादा. वेल्डिंग कापून नटबोल्टवर करा, पासिंगच्या दिवशी काढायचा, दुसऱ्या दिवशी लावायचा. आमच्याकडे बरेच जण असंच करतात.

चांद्याचा ड्रायव्हर:

करतात, मला माहीत आहे. तरी मी त्याला तसं सांगणार नाही. आरसीवर गाडीचं जे माप, जी बॉडी आणि जे रिकामं वजन लिहिलं आहे त्यात परवानगीशिवाय बदल करायचा नाही, हे कलम ५२. परवानगी मिळूच शकत नाही असं नाही, पण ती आधी अर्ज करून घ्यायची असते, अँगल चढवल्यावर नाही. आणि माल ठरलेल्या उंचीच्या वर किंवा बाजूला बाहेर गेला तर कलम १९४ मध्ये २०,००० रुपये दंड आहे. कापसाच्या किती खेपांची कमाई ती, तूच हिशेब कर.

दुसरं म्हणजे उंच भरलेली गाडी वळणावर झोल खाते. वारं सुटलं की अजून. त्यात तुझं मागचं एक चाक ब्रेक धरत नव्हतं.

टेपचं राहिलं. पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल. मान्यताप्राप्त विक्रेत्याकडूनच घे, तो प्रमाणपत्र देतो. लावताना जुनी टेप पूर्ण खरवडून काढ, पत्रा थिनरने पूस, नाहीतर पहिल्या पावसात सुटते.

धुऱ्यावरून:

मधेच विचारतो, माफ करा. माझा ट्रॅक्टर आहे, मला दरवर्षी पासिंग का नाही लागत? की लागतं आणि मला माहीत नाही?

चांद्याचा ड्रायव्हर:

शेतीचा ट्रॅक्टर नियमात व्यवसायाची गाडी धरत नाहीत, म्हणून लागत नाही. पण ट्रॉली लावून भाड्याने विटा-रेती वाहत असाल तर गोष्ट बदलते. तुमचा प्रश्न वेगळा धागा काढून विचारा, इथे मागे पडेल.

कापूसगाडी:

सगळ्यांना कळवतो. गाडी आज पास झाली.

क्रम असा लागला. आधी ब्रेक. दोन्ही मागच्या चाकांना नवे शू, दोन्ही व्हील सिलेंडर (डाव्याचंही रबर फुगलं होतं), हँडब्रेकची केबल. ड्रम खराद्याकडे नेला. नंतर तीन दिवस भाजीच्या खेपा मारल्या आणि पुन्हा ॲडजस्ट केलं. हेडलाइट जिल्हा परिषदेच्या शाळेच्या भिंतीवर लावला. रेघ मारायला भावाने खडू आणला होता. डावी कडी खरंच तुटलेली निघाली. स्पीड गव्हर्नरचं शोरूममधून कंपनीचं नाव कळलं, पण त्यांचा जवळपास कुणी डीलर उरलेला नाही, म्हणून नवा बसवला. सगळ्यात जास्त पैसे तिथेच गेले. प्रमाणपत्रात चेसिस नंबरचा एक आकडा चुकीचा टाकला होता, तुमच्या सांगण्यामुळे काउंटरवरच दिसला.

पिंजरा कापला. कटर लागला तेव्हा बाबा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. हा पिंजरा त्यांनी २०१८ मध्ये स्वतः उभं राहून करून घेतला होता. मी त्यांना जुने शू दाखवले होते. त्यांनी ते हातात घेतले, अंगठा फिरवला, काळा झालेला अंगठा धोतराला पुसला आणि म्हणाले, "काप."

ट्रॅकवर या वेळी गाडी सरळ उभी राहिली. उतरून मागे पाहिलं, दोन माग होते, सारख्या लांबीचे. चढावर हँडब्रेक ओढून साहेबांनी मला खाली उतरायला लावलं, गाडी हालली नाही.

तीन घरांशी बोललो. एका खेपेऐवजी दोन होतील, दुसऱ्या खेपेचं डिझेल आम्ही निम्मं-निम्मं वाटून घेणार आहोत. दोघे लगेच हो म्हणाले, एकाने दुसरी गाडी सांगितली. माल डाल्याच्या पातळीपर्यंतच भरणार, वरून ताडपत्री आणि दोर. पिंजऱ्याचे अँगल अंगणात पडून आहेत, त्यांचं बकऱ्यांसाठी कुंपण करायचं बाबांच्या मनात आहे.

पुढच्या वर्षी मी मुदतीच्या दीड महिना आधी मागची चाकं खोलून बघणार. तोवर ब्रेक ऑइलच्या डबीवर आजच्या तारखेची खूण करून ठेवली आहे. पातळी त्या खुणेखाली गेली तर वरून ओतायचं नाही, थेट मिस्त्रीकडे.