मदत हवी आहे: चिऊ सकाळपासून खाली बसून आहे, काय देऊ? अर्जंट

कवेलूचं_घर:
आमची चिऊ सकाळपासून खालीच बसून आहे, फुगून गोल झाली, दांडीवर चढतच नाही. काल संध्याकाळी तर मस्त खात होती. गावातल्या दवाखान्यात गेलो तर म्हणे आम्ही गाई-म्हशी पाहतो, पाखराचं आम्हाले समजत नाही. कोणतं औषध आणू ते सांगा लवकर, मेडिकल बंद होऊन जाईल आणि पोरगी सारखी रडून रायली.

सातभाई:
चिमणी उन्हाने पडली असेल, या दिवसात पडतातच. औषधबिवध काही नको. खोक्याला भोकं पाडा, आत सुती कापड टाका, सावलीत ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, श्वासनळीत गेलं तर तिथंच खेळ खलास. तरतरीत झाली की सांदवाडीत सोडून द्या.

कवेलूचं_घर:
चिमणी नाही हो, चिऊ नाव आहे तिचं. पिंजऱ्यातली आहे. औषध सांगा न.

संत्रा_मार्केट:
पिंजऱ्यातली म्हणजे पोपट का? हिरवा, लाल चोचीचा असेल तर तो पाळणं गुन्हा आहे भाऊ, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२. वनविभागाचा १९२६ नंबर आहे, फोन लावा, घेऊन जातील.

कवेलूचं_घर:
पोपट नाही, लव्हबर्ड आहे, निळी. कायदा नका सांगू, ती मरून रायली इथं.

दाणापाणी:
बाजारात लव्हबर्ड म्हणून देतात ती बहुतेक बजरीगरच असते, ऑस्ट्रेलियाची, ती पाळायला चालते. आता हे सांगा: चोचीच्या वर नाकाचा भाग निळा आहे की तपकिरी? श्वास घेताना शेपटी वरखाली होते का? पोट खालून फुगलंय का? पिंजरा कुठं आहे, सोबत कोणी आहे का, खायला काय देता? हे कळल्याशिवाय औषधाचं नाव कोणी सांगत असेल तर ऐकू नका.

पऱ्हाटी_राजा:
कोंबड्याले देतात ते पिवळं पावडर पाण्यात टाका, चिमूटभर. माझ्या कोंबड्या सगळ्या त्याच्यावरच उठल्या. एवढे प्रश्न इचारत बसाल तर पाखरू जाईन.

कवेलूचं_घर:
नाक तपकिरी. शेपटी हलते, हो. पोट खाली टणक लागते. एकटीच आहे, नर दिवाळीत मेला. बाजरी देतो, दुसरं काय देणार. पिंजरा ओसरीत कूलरच्या समोर आहे, गरमीच एवढी हाय. मडकं आहे न आत, त्यातच झोपते, पण आज मडक्यातही गेली नाही.

दाणापाणी:
तपकिरी नाक म्हणजे मादी. अंडं अडकलंय असं दिसतंय. नुसत्या बाजरीवरच्या मादीला कॅल्शियम कमी पडतं, मग अंड्याचं कवच मऊ राहतं आणि अंडं बाहेर सरकत नाही. उन्हाने त्रास झाला असता तर चोच उघडी टाकून, पंख अंगापासून दूर धरून बसली असती, अशी फुगून नाही. जेमतेम तीसचाळीस ग्रॅमचा जीव आहे, उद्यावर टाकू नका. पोट दाबून अंडं काढायला तर जाऊच नका, आत फुटलं की संपलं.

वऱ्हाडी_ठेचा:
नर दिवाळीतच मेला म्हणते न बापा, मंग अंडं कुठून आलं?

दाणापाणी:
लेयर कोंबडीला काय कोंबडा लागतो? पिल्लू निघणार नाही, अंडं मात्र येतं. आत मडकं असलं की अजूनच येतं.

आजीचा_बटवा:
एरंडेल तेलाचे दोन थेंब चोचीत सोडा, लगेच मोकळी होते. आमच्याकडे पूर्वीपासून हेच करतात.

दाणापाणी:
अजिबात नको! तेल फुप्फुसात गेलं तर अंड्याआधी तेलानेच मरेल. बाहेरून मागच्या बाजूला कापसाने हलकं लावलं तर एकवेळ ठीक.

आजीचा_बटवा:
पुस्तकं वाचून पाखरं वाचत नाहीत. आमच्या वाड्यात किती पाखरं होती ते तुम्हाला काय ठाऊक.

संत्रा_मार्केट:
इंटरनेटवर लिहिलंय की साठ वॉटचा बल्ब पिंजऱ्याजवळ लावा, ऊब पाहिजे.

वऱ्हाडी_ठेचा:
मे महिन्यात, आपल्या इकडे, बल्ब 😂 पाखराची भाजी करता का?

दाणापाणी:
ऊब लागते ती तीसएक अंशाची, ती तुमच्या ओसरीत फुकट आहे. पिंजरा कूलरसमोरून काढा, थंड झोत थेट अंगावर नको, पण पार बंद खोलीतही कोंडू नका. आतल्या सावलीत ठेवा आणि पिंजऱ्याच्या एका बाजूला ओलं फडकं टाका, ही कोरडी हवा तिला बाधते. हे फक्त रस्त्यात वेळ काढायला. डॉक्टर दारव्ह्याला मिळाला नाही तर यवतमाळला गाठा, फोन करून आधी विचारा की पाखरं पाहता का.

रानबोर:
विषय निघालाच आहे तर, आमच्या अंगणात चिमण्या पाण्यावर येतच नाहीत, काय करावं? जर्मनचा गंज भरून ठेवतो रोज.

सातभाई:
गंज उन्हात तापते न भाऊ, आणि काठ गुळगुळीत, पाय कुठं रोवणार त्या? मातीची पसरट परई घ्या, पाणी दोन बोटं फक्त, मधोमध एक दगड. पाणी रोज बदला नाहीतर डास. जवळ बोरीचं झुडूप असेल तर लई चांगलं, आधी तिथं बसून शिक्रा नाही न हे पाहतात, मगच उतरतात. ज्वारीचं कणीस आड्याला बांधून ठेवा, आणि वाडीत फवारणी कमी करा, पिल्लांना अळ्याच लागतात, दाणे नाही.

पऱ्हाटी_राजा:
फवारणी कमी करा म्हणणारे कपाशी लावत नसतीन.

सातभाई:
वाडी म्हटलं मी, वावर नाही. वाचत जा जरा.

मिठूमिया:
माझा पक्षी बोलत नाही, त्याला हिरवी मिरची दिली तर बोलतो का?

कवेलूचं_घर:
यवतमाळले आणली. डॉक्टर बाईने कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, मांडीवर टॉवेलात घेऊन बसून होतो, तिथंच अंडं पडलं. कवच नाहीच, नुसतं चामड्यासारखं, बोट लावलं की दबते. आता दांडीवर चढली, पाणी पेली. त्यांनी पण मडकं काढा म्हणाल्या. पण अजून अंडं येईल का? आणि मडकं काढलं तर झोपणार कुठं?

दाणापाणी:
दांडीवरच झोपते, मडकं फक्त अंड्यांसाठी. एकदिवसाआड येतात, एका वेळी चारसहा, म्हणून पुढचे काही दिवस लक्ष ठेवा. संध्याकाळी पिंजऱ्यावर लवकर कापड टाका, दिवस लांबला की अंडी जास्त. बाजरीसोबत राळा, कोथिंबीर, उकडलेल्या अंड्याचं कवच वाळवून बारीक कुटून. आणि समुद्रफेस, म्हणजे माकूळ माशाचं पांढरं चुन्यासारखं हाड, आणून जाळीला अडकवा, स्वतःच कोरत बसेल. शिवाय ओसरीत सांडलेल्या दाण्यावर चिमण्या येत असतील तर त्यांच्या अंगावरचे किडेही पिंजऱ्यात येतात, ट्रे रोज झाडा.

मिठूमिया:
मिरचीचं कोणी सांगितलं नाही.

कवेलूचं_घर:
समुद्रफेस मागितला तर किराणावाला तुरटी काढून दाखवून रायला.

सातभाई:
किराण्यात कुठं मिळणार. काष्ठौषधीच्या दुकानात जा, पांढरा, हलका, नखाने खरवडला की पीठ निघते तो. तुरटीचा खडा चमकतो, हा नाही चमकत.