मदत हवी आहे: घरातली रसायनं आणि कॅन्सरची भीती, नक्की कुठे थांबायचं?

दीड वर्षापूर्वी माझ्या मोठ्या बहिणीला स्तनाचा कॅन्सर निघाला. वय ४६. उपचार पूर्ण झाले, आता ती ठीक आहे, कामावरही जाते. ती सावरली, मीच बिघडले.

सुरुवात डब्यांपासून झाली. प्लास्टिकमधून बीपीए नावाचं रसायन पाझरतं असं वाचलं आणि एका रविवारी सगळे डबे बाहेर काढले. मग नॉनस्टिक तवा माळ्यावर गेला. मग डांबरगोळ्या, रूम फ्रेशनर, फरशी पुसायचं द्रावण. आता साधा बिस्किटांचा पुडा घ्यायचा तरी मोबाइलचा टॉर्च लावून मागची बारीक अक्षरं वाचत उभी राहते. ई अमुक, ई तमुक. घरी येऊन शोधते, आणि शोधलं की कुठे ना कुठे 'कॅन्सरला कारणीभूत' हे सापडतंच. रात्रीचा एक कधी वाजतो कळत नाही.

परवा नाश्त्याला टोस्ट जरा करपला. माझ्या आठ वर्षांच्या मुलीने तो उलटा करून पाहिला आणि काही न बोलता सुरीने काळी कड खरवडायला घेतली. ताटलीत पडलेली काळी भुकटी तिने कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकली आणि हात धुतले. साबणाने. हे तिला मी कधी शिकवलं नव्हतं. ती फक्त माझ्याकडे बघत आली होती.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, हवासुद्धा विषारी आहे, श्वास घेणं सोडणार का?" हे त्याने बाल्कनीत सिगारेट विझवून आत येता येता सांगितलं.

जाणकारांनी कृपया सांगावं: यातलं खरोखर घाबरण्यासारखं काय आणि सोडून देण्यासारखं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरकारक गोष्टींच्या यादीतच अस्पार्टेम (डाएट पेयांत साखरेऐवजी घालतात ते) आहे म्हणतात, मग ते विकू कसं देतात? 'काही होत नाही गं, आम्ही लहानपणापासून खातोय' असे प्रतिसाद नकोत, ते घरी मिळतात.

बीकर
अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली, म्हणून लिहितो. थोडं लांबेल.

तुमचा घोळ त्या यादीपासून सुरू होतो, आणि त्यात तुमचा दोष नाही. आयएआरसी ही जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था. ती गट पाडते ते पुरावा किती पक्का आहे यावरून, धोका किती मोठा आहे यावरून नव्हे. पहिल्या गटात, म्हणजे कॅन्सर होतो याचा पुरावा पक्का आहे अशा गटात, तंबाखूचा धूर आहे, ऊन आहे, दारू आहे आणि २०१५ पासून प्रक्रिया केलेलं मांसही आहे. म्हणून सॉसेज आणि सिगारेट सारखीच घातक ठरत नाहीत. दोन्हींबद्दल खात्री सारखी आहे, एवढंच. विहिरीत माणूस बुडू शकतो हे यादी सांगते. तुम्ही काठावर उभ्या आहात की दोन गल्ल्या पलीकडे, ते सांगत नाही.

अस्पार्टेम २०२३ मध्ये '२ब' गटात गेलं, म्हणजे 'शक्यता आहे, पुरावा तोकडा'. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. त्याच वेळी प्रमाण ठरवणाऱ्या दुसऱ्या समितीने दिवसाला दर किलो वजनामागे ४० मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवली. ७० किलोच्या माणसाला ती ओलांडायला रोज डाएट शीतपेयाचे ९ ते १४ कॅन प्यावे लागतील. अशा प्रश्नांत आकडा विचारायचा. नुसतं 'आहे का' विचारलं तर उत्तर जवळपास नेहमी 'आहे' असंच येतं.

ई क्रमांक म्हणजे अन्नात वरून घातलेल्या पदार्थांचे सांकेतिक क्रमांक. ई ३०० म्हणजे क जीवनसत्त्व. ई २५० म्हणजे सोडियम नायट्राइट, जे मांस टिकवायला घालतात, आणि त्याबद्दलची काळजी रास्त आहे. क्रमांक दिसला म्हणून दचकू नका.

तिरपागडा
+१. अवांतर: कॉफी आधी '२ब' मध्ये होती, २०१६ मध्ये तिची सुटका झाली. त्याच बैठकीत ६५ अंशांपेक्षा गरम पेयं '२अ' मध्ये, म्हणजे 'बहुधा कारणीभूत' गटात गेली, अन्ननलिकेच्या कॅन्सरमुळे. तात्पर्य, कॉफी प्या पण फुंकर मारून.

धागाकर्ती
बीकर, मनापासून आभार. गट पुराव्याचे असतात हे मला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. पण मग तवा? आणि डबे? आणि तो टोस्ट?

बीकर
डब्यांबाबत तुम्ही चुकला नाहीत. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये बीपीएची मर्यादा हजारो पटींनी खाली आणली आणि २०२४ च्या अखेरीस युरोपीय संघाने अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत त्यावर बंदी घातली. मात्र त्यांची मुख्य काळजी रोगप्रतिकारशक्तीची होती, कॅन्सरची नव्हे. गरम आणि तेलकट पदार्थ काचेत किंवा स्टीलमध्ये ठेवा, प्लास्टिक मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. कोरडं धान्य प्लास्टिकच्या डब्यात असलं तर झोप घालवू नका.

तवा: कोटिंग बनवताना पूर्वी पीएफओए वापरत, ते रसायन आज पहिल्या गटात आहे आणि जगभर हद्दपार होत आहे. तव्यावरचं कोटिंग ही वेगळी वस्तू. त्याचा एखादा कपचा पोटात गेला तर तसाच बाहेर पडतो. मात्र रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरू नका. २६० अंशांच्या पुढे कोटिंग बिघडायला लागतं, आणखी तापलं की त्या धुराने पिंजऱ्यातले पक्षी मरतात. फार खरवडला असेल तर बदला.

टोस्ट: पिष्टमय पदार्थ १२० अंशांच्या वर भाजले-तळले की अक्रिलामाइड तयार होतं. अन्नात ते असतं हे २००२ मध्ये स्वीडनमध्ये लक्षात आलं. उंदरांत त्याने कॅन्सर होतो. माणसांच्या आहाराच्या अभ्यासांत मात्र संबंध ठामपणे दिसलेला नाही. काळ्याऐवजी सोनेरी भाजा आणि विषय सोडा.

खिडकीपाशी
मला एक गोष्ट खटकली. बीकर यांनी सभ्यपणे टाळली, मी टाळत नाही. ताई, तुम्ही टोस्टच्या कडेतलं अक्रिलामाइड शोधताय. ते सिगारेटच्या धुरात असतं. ओढणाऱ्यांच्या रक्तात त्याच्या खुणा न ओढणाऱ्यांपेक्षा कित्येक पटींनी जास्त सापडतात. फॉर्माल्डिहाइड, बेंझिन, कॅडमियम, ज्यांच्यासाठी तुम्ही लेबलं वाचता ते सगळं त्या बाल्कनीत आहे. दुसऱ्याने ओढलेल्या सिगारेटचा धूरही पहिल्याच गटात येतो. डबे गेले, तवा गेला, आणि ही एक वस्तू तुमच्या यादीत ओझरतीसुद्धा आली नाही. नवऱ्याच्या वाक्याआड लपून आली.

मधली सुट्टी
मला स्वतःला झाला होता, सहा वर्षं झाली. निदान झाल्यावर मीही हेच केलं, आपण काय खाल्लं ते आठवत बसले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पेशी विभागताना चुका होतात, वय वाढतं तशा साठत जातात, प्रत्येक वेळी गुन्हेगार सापडतोच असं नाही. ते ऐकून आधी राग आला. नंतर हलकं वाटलं.

तुम्हाला एकच विचारते. बहिणीला ४६ व्या वर्षी झाला, तर तुमची तपासणी झाली का? स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण ५ ते १० टक्के आनुवंशिक असतात. शक्यतो आधी ज्यांना झाला त्यांची जनुकीय चाचणी करतात आणि त्यांच्यात दोष सापडला तर भावंडांची. तुमची मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) कधी सुरू करायची, किती वर्षांनी करायची, हे नात्यातला इतिहास पाहून ठरतं. एवढं वाचलंत, त्यात हे दिसलं नाही असं होणार नाही.

आणि रात्री एक वाजेपर्यंत हे चालू असेल, मुलगी साबणाने हात धुत असेल, तर समुपदेशकाशीही बोला. मी बोलले होते. लाज वाटायचं काही नाही.

धागाकर्ती
दोन दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण काय लिहावं सुचेना.

मधली सुट्टी, दिसलं होतं. ताईने उपचार चालू असतानाच सांगितलं होतं, "तू दाखवून घे." मी हो म्हटलं आणि घरी येऊन प्लास्टिकचे डबे काढायला घेतले. माझं वय ४३ आहे. आजवर एकदाही तपासणी केलेली नाही. डबे टाकायला कुणाची वेळ घ्यावी लागत नाही, आणि डबा उलटून रिपोर्ट देत नाही.

ताईला फोन केला. तिची जनुकीय चाचणी झाली आहे, रिपोर्ट तिच्या फाइलमध्ये आहे. मी कधी विचारलंच नव्हतं. ती चिडली नाही, फक्त म्हणाली, "आता तरी चल." मंगळवारी साडेदहाची वेळ मिळाली आहे, ती फाइल घेऊन सोबत येणार आहे.

खिडकीपाशी, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिला. वाचून त्याने फोन परत केला आणि कपडे वाळत घालायला बाल्कनीत गेला. पाकीट अजून तिथेच, खिडकीच्या कठड्यावर आहे. समुपदेशकाचा नंबर मात्र त्यानेच कुणाकडून तरी आणून दिला.

मंगळवारनंतर इथे कळवते.