दुसरी घटनादुरुस्ती राज्यांना आणि शहरांना बांधते का?

शंकासुर:
अमेरिकेच्या घटनेतली दुसरी दुरुस्ती शस्त्रं बाळगण्याचा हक्क देते. पण ती ज्यात येते ते बिल ऑफ राइट्स (नागरिकांचे हक्क सांगणाऱ्या पहिल्या दहा दुरुस्त्या) फक्त केंद्र सरकारला लागू, असं सर्वोच्च न्यायालयाचा बॅरन विरुद्ध बाल्टिमोर (१८३३) हा निकाल सांगतो. शस्त्रांच्या हक्काबद्दल क्रुइकशँक (१८७६) आणि प्रेसर (१८८६) या निकालांचाही सूर तोच. घरात बंदूक बाळगणं हा व्यक्तीचा हक्क आहे असं म्हणणारा हेलर (२००८) हा वॉशिंग्टन डीसीपुरता निकाल. मग शहरांचे बंदुकीचे नियम कोर्टात पडतात ते कशाच्या जोरावर?

कलमबहाद्दर:
हेलरबद्दल बरोबर आहे तुमचं. डीसी राज्य नाही, तिथे थेट केंद्राची सत्ता, त्यामुळे राज्यांचा मुद्दा तिथे निघालाच नाही. तो सुटला मॅकडोनाल्ड विरुद्ध शिकागोमध्ये, २८ जून २०१० रोजी, ५ विरुद्ध ४ मतांनी. शिकागोत नोंदणीशिवाय बंदूक बाळगता येत नव्हती आणि १९८२ पासून हँडगनची नवी नोंदणीच बंद होती. म्हणायला नोंदणी, प्रत्यक्षात बंदी!

वाट आहे ती १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीतून. ती राज्यांना उद्देशूनच लिहिलेली आहे. शहर हे राज्याचंच अपत्य, म्हणून तेही बांधलं गेलं. गंमत म्हणजे 'ड्यू प्रोसेस' (योग्य कायदेशीर प्रक्रियेशिवाय स्वातंत्र्य हिरावता येत नाही) या कलमाची वाट चौघाच न्यायमूर्तींना मान्य होती. पाचवे थॉमस, ते त्याच दुरुस्तीतल्या 'प्रिव्हिलेजेस ऑर इम्युनिटीज' (नागरिकांचे विशेषाधिकार जपणाऱ्या) कलमातून तिथेच पोचले.

तळटीप:
'लागू' म्हणजे सगळे नियम रद्द, असं मात्र नाही. निकालानंतर चारच दिवसांत शिकागोने नवा नियम केला: परवान्यासाठी रेंजवर (नेमबाजीच्या जागी) एक तास गोळीबाराचं प्रशिक्षण सक्तीचं, आणि शहरात सर्वसामान्यांसाठी रेंज चालवायलाच मनाई. २०११ मध्ये सातव्या सर्किटने, म्हणजे त्या भागाच्या केंद्रीय अपील न्यायालयाने (इझेल खटला) ही मनाई थोपवली.

आताची कसोटी सर्वोच्च न्यायालयाच्या ब्रुएन निकालाची (२०२२). न्यूयॉर्कमध्ये बाहेर बंदूक बाळगायला 'खास कारण' दाखवावं लागे, ते गेलं. कृती दुसऱ्या दुरुस्तीच्या शब्दांत बसत असेल, तर निर्बंध ऐतिहासिक परंपरेत बसतो हे सरकारने दाखवायचं. हुबेहूब जुना कायदा सापडायलाच हवा असं नाही, हे त्याच न्यायालयाच्या रहिमी निकालात (२०२४, ८ विरुद्ध १) स्पष्ट झालं.

कलमबहाद्दर:
शहराविरुद्ध जायचं तर आधी राज्याचा कायदा उघडा. बहुतेक राज्यांनी शहरांना स्वतःचे बंदूक-नियम करायला मनाई केली आहे. फ्लोरिडात (कलम ७९०.३३) जाणूनबुजून असा नियम करणाऱ्या अधिकाऱ्याला ५,००० डॉलरपर्यंत दंडाची तरतूद आहे. काम तिथेच भागलं तर घटनेपर्यंत जावंच लागत नाही.

घटनेवरच लढायचं असेल तर केंद्राच्या नागरी हक्क कायद्यातल्या कलम १९८३ खाली दावा. इथे नवखे वकील हमखास फसतात: राज्याला प्रतिवादी करता येत नाही, कारण त्या कलमाच्या अर्थाने राज्य 'व्यक्ती' नाही. नियम राबवणाऱ्या अधिकाऱ्याला त्याच्या पदावरून प्रतिवादी करायचं आणि मनाई हुकूम मागायचा. शहरावर मात्र थेट दावा चालतो. जिंकलात तर कलम १९८८ खाली वकिलाची फीही मागता येते.

शंकासुर:
आणि दुकानदाराने दारावर 'बंदूक आणू नये' अशी पाटी लावली तर?

तळटीप:
खुशाल लावू दे. तो सरकार नाही. बंदूकधाऱ्याला बाहेर काढायला त्याला चौदावी दुरुस्ती आडवी येत नाही. पाटी मोडणं हाच गुन्हा धरायचा की बाहेर जायला सांगूनही थांबणं, हे राज्यागणिक बदलतं.