एम८७ चा जेट एकाच बाजूला का?

निशाचर: एम८७ या दीर्घिकेच्या रेडिओ इमेजमध्ये मधनं एकच जेट (पदार्थाचा वेगवान झोत) निघालेला दिसतो, दोरीला गाठी मारल्यासारखा. दुसऱ्या बाजूला काहीच नाही?

आकाशवेडा: आहे की! जेट जवळपास प्रकाशाच्या वेगाने पळतोय त्यामुळे आपल्याकडे येणारा उजळतो आणि पलीकडचा पार मंद पडतो, डॉप्लरचा खेळ सगळा. बाहेरचे मोठे रेडिओ ढग बघ, दोन्हीकडे आहेत, म्हणजे माल तिकडेही पोचतोयच ना

निशाचर: मग गाठी प्रकाशापेक्षा फास्ट सरकतात म्हणतात ते??

आकाशवेडा: भास रे. गाठ आपल्याच दिशेने येतेय, नंतर निघालेल्या सिग्नलला कमी अंतर पडतं, म्हणून आपल्याला वाटतं सुसाट गेली.

पाटीपेन्सिल: खगोलशास्त्रज्ञ कर्टिसने १९१८ मध्येच साध्या फोटोत ही रेघ टिपलेली, रेडिओ दुर्बिणी नव्हत्याच तेव्हा.