चार पायांच्या लष्करी रोबोला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

लष्करातल्या नव्या यंत्रांवर एका मासिकासाठी लेख लिहिते आहे. १५ जानेवारी २०२५ ला सेनादिनाचे संचलन पुण्यात, खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या मैदानावर झाले. त्यात चार पायांची यंत्रे रांगेने चालत गेली, ती अनेकांनी टीव्हीवर पाहिली असतील. त्यांना कुठे ‘रोबो डॉग’ म्हटले आहे, कुठे ‘रोबोटिक म्यूल’, कुठे ‘यांत्रिक श्वान’, तर कुठे चक्क ‘चतुष्पाद यंत्रमानव’. कुत्रा की खेचर, इथूनच घोळ आहे. लेखभर एकच शब्द चालवायचा तर कोणता? आणि ही यंत्रे पायदळाला ‘सपोर्ट’ करतात हे मराठीत कसे लिहावे? ‘आधार देतात’ कानाला बरे वाटत नाही.

उत्तर

ताई, ‘चतुष्पाद यंत्रमानव’ आधी बाजूला ठेवा. रोबो हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकातून जगभर गेला. तो सुचवला त्याचा भाऊ योसेफ याने. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे जमीनदाराकडे सक्तीने करावी लागणारी मजुरी, आपल्याकडची वेठ. नाटकातले रोबो माणसासारखे दिसणारे होते, म्हणून मराठीत ‘यंत्रमानव’ शोभला. मूळ शब्दात मात्र माणूस कुठेच नाही, फक्त राबणे आहे. चार पायांच्या यंत्राला मानव म्हणण्यापेक्षा सरळ ‘रोबो’ लिहावे, तो शब्द आता शाळकरी मुलांनाही कळतो.

आता कुत्रा की खेचर. हा गोंधळ मराठीने केलेला नाही, तो या यंत्रांच्या जन्मापासून आहे. अमेरिकेत बोस्टन डायनॅमिक्सने २००५ मध्ये दार्पा या संरक्षण-संशोधन संस्थेच्या पैशातून ‘बिगडॉग’ बनवला. नाव कुत्र्याचे, पण हेतू असा की जीप जिथे जात नाही तिथे सैनिकांचे ओझे याने वाहावे. म्हणजे काम खेचराचे. त्याची पुढची आवृत्ती एलएस-थ्री. ती सुमारे १८० किलो ओझे घेऊन चालेल असे उद्दिष्ट होते. २०१४ मध्ये हवाई बेटांवरच्या रिमपॅक या अनेक देशांच्या नौदल सरावात अमेरिकी मरीन सैनिकांनी ती बरोबर नेऊन पाहिली. इंजिन पेट्रोलचे, त्याची घरघर इतकी मोठी की शत्रूला आपला ठावठिकाणा आपणच सांगितल्यासारखे होई. अखेर २०१५ मध्ये तो प्रकल्प गुंडाळला. त्यानंतर विजेवर चालणारी, लहान, बरीच शांत यंत्रे आली. ती आकाराने खरोखर कुत्र्याएवढी असल्यामुळे ‘रोबो डॉग’ हे नाव पक्के झाले.

भारतीय लष्कराने मात्र नाव घेतले ‘म्यूल’. ते ‘मल्टी-युटिलिटी लेग्ड इक्विपमेंट’ची आद्याक्षरे जुळवून केले आहे. ‘रोबोटिक म्यूल’चे ‘यांत्रिक खेचर’ केले तर अर्थ येतो, आद्याक्षरांची जुळणी हरवते. त्यात फारसे काही बिघडत नाही, पण विशेषनाम म्हणून ‘म्यूल’ एकदा तरी लेखात यायला हवे.

माझी सूचना थोडी जुनी वाटेल. मराठीत ‘पाठाळ’ असा शब्द आहे. ज्याच्या पाठीवर ओझे लादतात ते जनावर, मग तो बैल असो, तट्टू असो की उंट. जातीऐवजी कामावरून पडलेले हे नाव आहे. खेचरावर घालतात ते ‘पालाण’ही आपल्याकडे आहेच, आणि या यंत्राच्या पाठीवर सामान अडकवण्यासाठी जी चौकट असते तिला पालाण म्हटले तर वाचकाला चित्र लगेच दिसेल. ‘यंत्रपाठाळ’ लिहून पाहा.

‘सपोर्ट’साठी ‘दिमतीला’ वापरा. ‘पायदळाच्या दिमतीला चार पायांचे रोबो’. एखादी तुकडी दुसऱ्याच्या हाताखाली कामाला देणे हा अर्थ त्यात नेमका आहे. ‘कुमक’ नको, कुमक म्हणजे लढायला आलेली जादा माणसे. ‘चतुष्पाद पायदळ’ असा मथळाही मोह पाडेल, तो टाळा. ही यंत्रे पायदळ नव्हेत, पायदळाबरोबर जाणारी आहेत.

आणखी एक जागा सांभाळा: क्रियापद. मराठीत ‘यंत्र चालते’ म्हणजे ते सुरू आहे, बिघडलेले नाही. मिक्सर चालतो, घड्याळ चालते. पण हे यंत्र खरेच पायांनी चालते. ‘उणे ४० अंशांतही हे यंत्र चालते’ या वाक्यात थंडीत ते बंद पडत नाही असे म्हणायचे आहे, की बर्फातून पावले टाकते असे? जिथे पाय अभिप्रेत असतील तिथे ‘पावले टाकत जाते’, ‘पायऱ्या चढते’, ‘उतार उतरते’ असे लिहा. जिथे नुसते सुरू राहणे सांगायचे तिथे ‘काम करते’. साध्या वाटणाऱ्या या क्रियापदाने सगळ्यांत जास्त घोटाळा होतो.

दुसरे मत

मी पुरवठा शाखेत, म्हणजे आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये होतो, म्हणून लिहितो. आमच्याकडे मराठी जवानसुद्धा ‘खच्चर’च म्हणतो, ‘खेचर’ लिहिताना. पाठाळ शब्द चांगला आहे, पण तो इथे चुकीच्या यंत्राला लावला जातोय.

खच्चर काय वाहते ते कारगिलला ज्यांनी पाहिले त्यांना विचारा. पाणी, दारूगोळा, रॉकेल, सगळे त्याच्या पाठीवर, जिथे गाडी नाही आणि हेलिकॉप्टर उतरत नाही तिथे. आमच्या शाखेत ‘पेडोंगी’ नावाच्या खच्चराची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. १९७१ च्या युद्धात ते शत्रूच्या हाती सापडले आणि पाठीवरच्या ओझ्यासकट आपल्या बाजूला परत आले. पुढे त्याला निळ्या मखमलीची झूल देऊन गौरवले. तो प्राणी वाट लक्षात ठेवतो, कड्याच्या काठाने जाताना स्वतः पाऊल तपासतो.

हे यंत्र बातम्यांप्रमाणे सुमारे १५ किलो वजन घेते. खच्चर त्याच्या कित्येक पट नेते. तेव्हा ओझे हे या यंत्राचे मुख्य काम नव्हेच. त्याचे काम म्हणजे कॅमेरा घेऊन पुढे जाणे. घरात कोण दडले आहे, वळणापलीकडे काय आहे, हे जवानाने डोके बाहेर काढण्याआधी दाखवणे. जवान मागे आडोशाला रिमोट घेऊन बसतो. युक्रेनमध्येही २०२४ मध्ये अशी यंत्रे आणली गेली ती खंदक आणि पडक्या इमारती बघायला. त्याला ओझ्यावरून नाव देणे म्हणजे नाव चुकवणे. टेहळणीवरून द्या.

पुन्हा उत्तर

काका, तुमचे म्हणणे पटले. मी नाव कामावरून द्यावे म्हणत होतो आणि काम इंग्रजी नावावरून ठरवले. मग जातिवाचक शब्द साधा ठेवू: ‘चतुष्पाद रोबो’. चतुष्पाद शब्द शाळेच्या विज्ञानात येतो, कोणी अडखळत नाही. ‘चौपाई’, ‘चारपायी’ नको, एकात तुलसीदास आठवतात आणि दुसऱ्यात हिंदीतली खाट. आणि दर ठिकाणी काम सांगणारा शब्द पुढे लावू: टेहळणीचा चतुष्पाद रोबो, ओझ्याचा चतुष्पाद रोबो. एलएस-थ्रीसारख्या यंत्राला ‘यंत्रपाठाळ’ खुशाल म्हणावे, तिथे ते शोभते.

‘अश्वतर’ कोणी सुचवण्याआधी लिहून ठेवतो. खेचराला संस्कृतात हाच शब्द आहे. छांदोग्य उपनिषदात राजा जानश्रुती रैक्वाकडे जातो तो खेचरींचा रथ घेऊन. पाणिनीने यातल्या ‘तर’चा अर्थ उणेपणा असा सांगितला आहे, म्हणजे घोड्यापेक्षा कमी. शब्द सुंदर आहे, पण लेख वाचणाऱ्याला कोश उघडायला लावेल.

पण कामावरून नाव देण्याचा आग्रह मी सोडणार नाही, त्याचे खरे कारण ओझे नव्हे, बंदूक आहे. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका लष्करी प्रदर्शनात घोस्ट रोबोटिक्स या कंपनीच्या चार पायांच्या यंत्रावर रायफल बसवून दाखवली गेली. मे २०२४ मध्ये चीन आणि कंबोडियाच्या ‘गोल्डन ड्रॅगन’ सरावात तसेच यंत्र दिसले. मधल्या काळात, ऑक्टोबर २०२२ मध्ये, बोस्टन डायनॅमिक्स आणि चीनची युनिट्री यांच्यासह सहा कंपन्यांनी जाहीर पत्र काढून आपल्या सर्वसाधारण वापराच्या रोबोंवर शस्त्रे बसवणार नाही असे सांगितले. म्हणजे बनवणाऱ्यांनाच हा फरक महत्त्वाचा वाटतो. मराठी बातमीत मात्र दोन्हींना ‘रोबो कुत्रा’ म्हटले जाते. कुत्रा म्हटला की वाचकाच्या मनात इमानी, राखण करणारा प्राणी येतो, शेपूट हलवणारा. रायफल लावलेल्या यंत्राला ते नाव देणे मला वाचकाची फसवणूक वाटते. तिथे ‘बंदूकधारी’ किंवा ‘सशस्त्र’ हा शब्द नावातच हवा, पुढच्या परिच्छेदात खुलासा करून भागणार नाही.

ताई, लिंगाचेही ठरवून घ्या. रोबो पुल्लिंगी धरला तर शेवटपर्यंत ‘तो पायऱ्या चढतो’. यंत्र म्हटले तर ‘ते’. एकाच वाक्यात दोन्ही नकोत. तुमच्या पहिल्या परिच्छेदासाठी एक वाक्य सुचवतो: ‘पायदळाच्या दिमतीला आता टेहळणीचे चतुष्पाद रोबो आले असून लष्कराने त्यांना म्यूल, म्हणजे खेचर, असे नाव दिले आहे.’ काका, ‘टेहळणी’ जवानांच्या बोलण्यात असते का, की तिथे ‘रेकी’च चालते? तसे असेल तर निदान जवानांच्या तोंडच्या वाक्यांत ‘रेकी’ ठेवता येईल.