केबिनमध्ये उंदराच्या लेंड्या सापडल्यात, झाडू का?

रेवा_डेन्व्हर:
लाँग वीकेंडला कोलोरॅडोच्या डोंगरात, एस्टेस पार्क गावाच्या वरच्या बाजूला केबिन घेतलीय. थंडीभर बंद होती म्हणे. सिंकखालच्या कपाटात लेंड्या, सोफ्याच्या कोपऱ्यात कुरतडलेल्या कापसाचं घरटं. सासूबाईंनी झाडू हातात घेतलाय. "सांगलीच्या वाड्यात उंदरांसोबतच संसार केला मी," म्हणतात. मी उंदरांपासून होणाऱ्या हंता व्हायरसबद्दल वाचलं होतं. उगाच घाबरतेय का?

खादाड_बोका:
झाडू काढून घ्या आधी!! व्हॅक्यूमपण नको.

मंजिरी_अल्बुकर्की:
रेवा, मी इथे न्यू मेक्सिकोत आयसीयूत नर्स आहे, त्यामुळे जरा लांबण लावते. सासूबाईंचं खरंच आहे, पण वाड्यातला उंदीर वेगळा. तुमच्याकडे आलेला बहुधा डिअर माऊस: पाठ तपकिरी, पोट नि पाय पांढरे, शेपटीसुद्धा वरून गडद, खालून पांढरी. सिन नोंब्रे नावाचा हंता व्हायरस ह्याच्या अंगात असतो, त्याला स्वतःला काही होत नाही. लघवी, लेंड्या वाळतात आणि झाडलं की धुळीबरोबर आपल्या फुप्फुसात.

1993 साली इथल्याच फोर कॉर्नर्स भागात (न्यू मेक्सिकोसह चार राज्यांच्या सीमा मिळतात तिथे) धडधाकट तरुण माणसं पटापट गेली, तेव्हा हा सापडला. त्याआधी पाऊस-बर्फ भरपूर झालं होतं, पिन्यॉन नावाच्या इथल्या पाइन झाडाच्या बिया मुबलक, मग उंदीरही मुबलक.

आता काम. दारं-खिडक्या उघडून सगळे अर्धा तास बाहेर. मग रबरी हातमोजे घालून, एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी असं मिसळून लेंड्या-घरटं चिंब भिजवा. पाच मिनिटं थांबा. पेपर टॉवेलने टिपून पिशवीत, त्यावर दुसरी पिशवी. जमीन ओल्या फडक्याने पुसा. आणि सोफा मालकाला बदलायला सांगा, पैसे दिलेत ना!

आजार दुर्मीळ आहे, अख्ख्या अमेरिकेत वर्षाला काही डझन रुग्ण. पण छातीत उतरला तर शंभरातले अडतीसएक दगावतात. लस नाही, ह्यावरचं खास औषध नाही. पुढच्या आठेक आठवड्यांत कुणालाही ताप आला, मांड्या-कंबर ठणकली तर फ्लू म्हणून घरी बसू नका. खोकला, धाप उशिरा येते. डॉक्टर उंदरांचं विचारतीलच असं नाही, तुम्हीच सांगा.

निनाद_पुणेकर:
एकाचा दुसऱ्याला होतो का?

मंजिरी_अल्बुकर्की:
हा नाही. चिली-अर्जेंटिनातला अँडीज व्हायरस होतो. आणि हंताच्याच कुळातला एक व्हायरस 1964 साली वेल्लोरला चिचुंद्रीत सापडलाय, म्हणून भारतातल्यांनीही बंद खोली झाडण्याआधी पाणी शिंपडावं. माझं मत.

रेवा_डेन्व्हर:
सगळे बाहेर अंगणात बसलोय. सासूबाई चिडल्यात, चहा गॅसवर राहिला त्यांचा. नवरा ब्लीच आणायला गावात गेलाय. फ्रिजमागे एक मेलेलासुद्धा दिसला होता, त्याचं काय?

मंजिरी_अल्बुकर्की:
तोही आधी भिजवा, मग हातमोज्यांनीच उचला. आणि आधी कुणीतरी नाक-तोंड झाकून आत जाऊन तो गॅस बंद करा बाई.